परदेशी शिक्षणाची सक्ती : अट कोणी कोणास घालावी?

विद्यापीठाची पदवी पदरी पडावयाची असेल तर विद्यार्थ्याने शिक्षणक्रमापैकी काही काळ परदेशी विद्यापीठात घालविलाच पाहिजे, असा नियम असावा की नसावा? पूर्वी कोणी हा प्रश्न केला असता तर श्रीमंतांच्या करमणुकीचा विषय म्हणून आपण तो सोडून दिला असता. आज तसे करता येणार नाही. अमेरिकेतील व जपानातील काही शिक्षणसंस्थांनी असा नियम प्रत्यक्ष अमलात आणला आहे. आपल्या सार्वजनिक विद्यापीठांत अशी सर्वसाधारण सक्ती नाही हे खरे. तथापि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणास आंतरराष्ट्रीय वळण देण्याचा पुरस्कार केला आणि २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने द्यावयाच्या पदव्यांचे नियम जाहीर केले. म्हणजे वाट तयार झाली आहे; आणि वाट तयार झाली की सर्वांनी तिच्यावरून चाललेच पाहिजे असे म्हणणारेही लवकरच पुढे येतात. तेव्हा हा प्रश्न दारात येऊन उभा राहण्यापूर्वी घराघरांत त्याचा विचार झालेला बरा.

हा विचार मुंबई-पुण्याच्या सोयीस्कर बैठकीवरून न करता भंडारा जिल्ह्यासारख्या ठिकाणाहून करावा, असे आम्हांस वाटते. सर्वांस लागू करावयाच्या नियमाची पारख जेथे तो पाळणे सर्वांत कठीण, तेथेच झाली पाहिजे. वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा धानाचा व तलावांचा. १९९९ साली गोंदिया वेगळा झाल्यावर त्याचा विस्तार निम्म्यावर आला. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी, मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या वस्त्रांसाठी आणि तुमसरकडचा भाग मँगनीजच्या खाणींसाठी नावाजलेला. येथील महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठास, म्हणजे २००५ पासूनच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठास, जोडलेली आहेत. येथल्या पुष्कळ मुलांचा पहिला प्रवास वरठी येथील भंडारा रोड स्थानकावरून नागपुरापर्यंतचा, आणि घराबाहेरचा पहिला मुक्काम नागपुरातील एखाद्या वसतिगृहातला. अशा मुलास 'तू एक सत्र परदेशात काढल्यावाचून पदवीधर होणार नाहीस' असे सांगितले, तर त्याचा अर्थ त्याच्या घरी काय होईल?

प्रथम सक्तीच्या बाजूचे म्हणणे नीट ऐकून घेऊ. त्यात तथ्य नाही असे मुळीच नव्हे. परक्या देशात राहिलेला मनुष्य आपलाच देश नव्या दृष्टीने पाहू लागतो. जे आजवर स्वाभाविक वाटत होते ते केवळ सवयीचे होते, हे त्यास उमगते. हा लाभ पुस्तकांतून तितकासा होत नाही. शिवाय सक्ती नसली की कोण जातो? ज्याच्या घरी पैसा आहे तो, किंवा ज्याच्या नात्यातील कोणी आधीच तेथे जाऊन राहिलेले आहे तो. ऐच्छिक म्हटलेली गोष्ट व्यवहारात ठरावीक घरांची मिरास होऊन बसते.

याहून बळकट मुद्दा मुलींचा आहे, आणि एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस तो निराळा समजावून सांगावयास नको. घरातील मुलाने परदेशाचे नाव काढले तर पैशाचा विचार सुरू होतो. मुलीने काढले तर आजीपासून धाकट्या काकांपर्यंत प्रत्येकाची संमती लागते, आणि एकाच्या नकाराने सारे अडते. येथे विद्यापीठाचा नियमच असता तर मुलीस कोणाशी वाद घालावा लागला नसता. 'जावेच लागते हो, त्याशिवाय पदवी मिळत नाही' एवढ्या एका वाक्याने तिचे काम झाले असते. कित्येकदा सक्ती ही दुर्बळाची ढाल असते, ही गोष्ट सक्तीच्या विरोधकांनी विसरता कामा नये.

आता दुसरी बाजू. आपल्या समाजाला या बाबतीत सक्ती नवीन नाही. फक्त ती उलट दिशेची होती. समुद्रोल्लंघन केले म्हणून विद्वानांस प्रायश्चित्त घ्यावयास लावणारी, पंक्तीतून उठविणारी घरे आपलीच होती. त्या वेळी नियम होता 'जाऊ नये', आता सुचविला जातो तो 'गेलेच पाहिजे'. दोन्ही नियमांत एक साम्य आहे : ज्याला जावयाचे आहे किंवा राहावयाचे आहे, त्याची परिस्थिती कोणी विचारीत नाही. म्हणून नियमाच्या शब्दांत न गुंतता, मराठी माणसे परदेशी शिकून आली तेव्हा काय घडले, हे आपण पाहू. चार उदाहरणे पुरेशी होतील.

आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या तेव्हा त्यांनी नुकतीच वयाची अठरा वर्षे पुरी केली होती. न्यू जर्सीतील कार्पेंटर कुटुंबाने त्यांस लेकीसारखे घरात घेतले, आणि मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. परंतु त्यांच्या पाठीशी विद्यापीठ, सरकार किंवा संस्थान यांची अशी कोणतीही पक्की व्यवस्था नव्हती, की जी त्यांच्या अन्नाची, उबेची व प्रकृतीची जबाबदारी घेईल. दुखणे घेऊनच त्या परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. ती स्वीकारण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. बावीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. त्यांच्या धैर्याची थोरवी आपण गातो ते योग्यच. पण परदेशी शिक्षणाचा सर्व भार एकट्या विद्यार्थ्याच्या अंगावर पडला म्हणजे त्याची किंमत कशातून वसूल होते, हेही त्याच चरित्रात लिहिलेले आहे.

दुसरे उदाहरण रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा हा विद्यार्थी सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाला. खर्चाची चिंता त्यास नव्हती, आणि परतल्यावर काय करावयाचे याचीही नव्हती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांची जागा ठरलेली होती. १९०२ साली ते तेथे प्राचार्य झाले आणि त्यांच्या विद्येचा उपयोग पुढे विद्यार्थ्यांच्या पिढ्यांस झाला. जाण्यापूर्वी थैली आणि आल्यावर जागा, असा हा दुहेरी योग होता.

तिसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. भंडाऱ्याच्या लोकांस त्यांचे नाव आणखी एका कारणाने जवळचे आहे : १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीस ते येथूनच उभे होते व पराभूत झाले. १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. या शिष्यवृत्तीस अट होती : शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची. ही अट न्याय्यच होती. कारण जो खर्च उचलतो त्यास काही मागण्याचा अधिकार असतो. परंतु १९१७ साली ते नोकरीवर रुजू होण्यास बडोद्यास आले तेव्हा कोलंबियाचा हा पदवीधर राहावयास खोली मिळवू शकला नाही. पारशी धर्मशाळेत मिळालेला आसराही तो अस्पृश्य असल्याचे समजताच लोकांनी काठ्या घेऊन येऊन काढून घेतला. थैली होती, अटही होती. जागा मात्र समाजाने दिली नाही. लंडनचा अपुरा राहिलेला अभ्यास त्यांनी पुढे १९२० पासून स्वतःची शिल्लक, मित्राकडून घेतलेले कर्ज व शाहू महाराजांचे साहाय्य यांवर पुरा केला. ज्या समाजाने त्यांस घर नाकारले, त्यात आपल्यासारखी सुशिक्षित घरेही होती, ही गोष्ट आपण स्वतःशी तरी कबूल केली पाहिजे.

चौथे उदाहरण आपल्या विदर्भातले. वर्ध्यास जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे अमेरिकेत शेतकीशास्त्र शिकले. गदर चळवळीत पडल्यामुळे इंग्रज सरकारच्या अमदानीत त्यांस मायदेशाची वाट बंद झाली. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगो येथील शेतकी विद्यालयात अध्यापक झाले. मका व गहू यांवरील त्यांच्या संशोधनाचा लाभ तेथील शेतकऱ्यांस झाला. चित्रकार दिएगो रिव्हेरा याने आपल्या भित्तिचित्रात त्यांस स्थान दिले. वैदर्भी शेतकऱ्याच्या वाट्यास ते आले तोपर्यंत त्यांचे उमेदीचे आयुष्य सरून गेले होते. १९६७ साली नागपुरास त्यांचा अंत झाला.

या चारही चरित्रांतून आम्हांस एकच गोष्ट दिसते. परदेशी शिक्षण सफळ झाले ते सक्तीने नव्हे आणि केवळ हौसेनेही नव्हे. जाताना कोणी तरी खर्च उचलला आणि परतताना कोणी तरी जागा राखली, तेव्हाच ते व्यक्तीस व समाजास दोहोंस फळले. यांपैकी एकही टोक सुटले की त्याची झळ विद्यार्थ्यास लागली किंवा देशास लागली. तेव्हा 'सक्ती असावी काय' या प्रश्नाआधी 'ही दोन टोके कोणी धरावयाची' हा प्रश्न विचारला पाहिजे.

ज्या संस्थांनी सक्ती यशस्वी केली, त्यांनी नेमके हेच केले आहे. जपानच्या उत्तरेकडील आकिता हा प्रांत भंडाऱ्यासारखाच भाताचा. तेथील तांदूळ साऱ्या जपानात प्रसिद्ध आहे, आणि तरुण माणसे शहरांकडे निघून जातात ही तेथली मोठी चिंता. अशा प्रांताने २००४ साली आकिता आंतरराष्ट्रीय विद्यापीठ हे लहानसे सार्वजनिक विद्यापीठ काढले व प्रत्येक विद्यार्थ्यास एक वर्ष परदेशात शिकणे आवश्यक केले. परंतु नियम करून ते स्वस्थ बसले नाही. अध्यापन इंग्रजीतून ठेवून विद्यार्थ्याची तयारी आधीच करून घेतली. पहिल्या वर्षी त्यास वसतिगृहात ठेवून घराबाहेर राहण्याची सवय लावली. आणि परदेशी विद्यापीठांशी अदलाबदलीचे करार केले, ज्यायोगे विद्यार्थ्याने फी भरावयाची ती आपल्याच विद्यापीठाची, तेथली वेगळी नव्हे. अमेरिकेतील मेरिलँड संस्थानातील गाउचर महाविद्यालयाने २००६ साली असाच नियम केला, तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्यास त्यासाठी किमान बाराशे डॉलरची मदत जोडून दिली. युरोपात १९८७ साली इरॅस्मस योजना अकरा देशांत व ३,२४४ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. तिच्यात सक्ती मुळीच नाही. अनुदान आहे, आणि परक्या विद्यापीठात केलेला अभ्यास आपल्या विद्यापीठाने मोजून घ्यावा अशी व्यवस्था आहे. ती वाढत वाढत खंडभर पसरली.

आता आपल्याकडचा हिशेब मांडू. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीप्रमाणे देशात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी सुमारे ४ कोटी ३३ लाख होते. परदेशी शिकत असलेल्या भारतीयांची संख्या २०२४ साली १३ लाखांच्या वर गेली होती. म्हणजे शंभरामागे सुमारे तीन. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीचा लाभ दरवर्षी अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांस देण्याची योजना आहे. केंद्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी भूमिहीन शेतमजूर व परंपरागत कारागीर या दोन वर्गांच्या मुलांसाठी मिळून अलीकडच्या वर्षांत अवघ्या ४ जागा होत्या, आणि त्या साऱ्या देशात मिळून. आंधळगावच्या कोष्ट्याच्या मुलाने यांतून आपली वाट कशी काढावी?

राहिले कर्ज. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँका सामान्यतः तारण मागतात, आणि परदेशी शिक्षणास त्याहून अधिक रक्कम लागते हे सांगणे नको. शेतजमीन तारण घेण्यास पुष्कळ बँका राजी नसतात. तेव्हा राहते घर पुढे करावे लागते. एकत्र कुटुंबात त्या घरावर तीन-चार भावांची नावे असतात. एका पुतण्याच्या शिक्षणासाठी सर्वांनी सह्या करावयाच्या. ज्याच्या स्वतःच्या मुलीचे लग्न दोन वर्षांवर आलेले आहे त्यानेही, आणि ज्याचा मुलगा गावच्याच महाविद्यालयात शिकणार आहे त्यानेही. नाही म्हटले तर मन दुखावते, हो म्हटले तर छप्पर टांगणीस लागते. घराची एकी अशा कागदावर तोलली जाते. हे संकट एखाद्या कुटुंबाने आपखुषीने ओढवून घेतले तर तो त्याचा प्रश्न. विद्यापीठाने आपल्या नियमाने ते प्रत्येक घरात पाठवावे, हे आम्हांस कदापि मान्य नाही. पैसा न देता घातलेली अशी अट म्हणजे शिक्षणाचा नियम नव्हे. तो पदवीच्या दारातला जकातनाका होय.

तर मग मुलांनी आपल्याच गावी राहावे काय? तसेही आमचे म्हणणे नाही. घराबाहेर, भाषेबाहेर, ओळखीच्या माणसांबाहेर काही महिने राहिल्यावाचून शिक्षण पुरे होत नाही, हे सक्तीवाद्यांचे म्हणणे आम्हांस पटते. परंतु त्यासाठी पहिले पाऊल समुद्रापलीकडेच पडले पाहिजे असे कोठे आहे? पवनीचे उदाहरण घ्या. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व खाते यांनी मिळून उत्खनन केले व प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. तो स्तूप नीट समजावयाचा तर मध्य प्रदेशातील सांची व आंध्रातील अमरावती येथे जाऊन बसले पाहिजे. धानाचा अभ्यास घ्या. साकोलीस कृषी संशोधन केंद्र आहे. पण त्यापुढे जावयाचे तर रायपूरच्या कृषी विद्यापीठात जावे, जेथे डॉ. रिछारिया यांनी खेडोपाडी हिंडून जमविलेल्या हजारो देशी वाणांचा ठेवा आहे, किंवा १९४६ पासून चालत आलेल्या कटकच्या भात संशोधन संस्थेत जावे. तेथे भाषा वेगळी, जेवण वेगळे, लोक वेगळे. दृष्टी पालटण्यास लागणारे सारे तेथे आहे. आणि ज्याचा अभ्यास त्याहीपुढे गेला, त्याने मग फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत अवश्य जावे. तेव्हा तो कोणता प्रश्न घेऊन जातो हे त्यास ठाऊक असेल.

म्हणून आमचे मत असे : सक्ती असावी, पण ती विद्यार्थ्यावर नव्हे, विद्यापीठावर असावी. प्रत्येक विद्यार्थ्यास निदान एक सत्र परप्रांतात शिकण्याची सोय करून देणे हे विद्यापीठाचे कर्तव्य ठरावे. तेथला अभ्यास पदवीत मोजला जावा. राहण्याजेवणाचा खर्च घरावर पडू नये. आणि कोणा मुलीस वडीलधाऱ्यांची मनधरणी करावी लागू नये इतका तो क्रम सर्वांस सारखा व नेहमीचा व्हावा. ज्यांच्या विषयास परदेश खरोखर अवश्य आहे, त्यांच्यासाठी अदलाबदलीचे करार विद्यापीठाने करावेत, जाण्यापूर्वी भाषेची तयारी करून घ्यावी, आणि परतल्यावर त्यांची विद्या कोठे कामी येईल याची तजवीज आधीच ठेवावी. इतके केल्यावर एखाद्या विद्यापीठास परदेशाची अट घालावीशी वाटली तर ती त्याने खुशाल घालावी. त्यावेळी तिला आमचा विरोध राहणार नाही. तोपर्यंत मात्र तसा अधिकार त्यास पोहोचत नाही.

घरांनीही आपला वाटा उचलावयाचा आहे. बडोद्यास काय घडले ते आपण वर पाहिलेच. परत आलेल्या मुलास, मग तो कोणाचाही असो, भाड्याने खोली देताना आडनाव विचारावयाचे नाही, एवढे तरी आपल्या हाती आहे. मुलीची रायपूरला किंवा कटकला निवड झाली तर 'इतक्या लांब कशाला?' हा प्रश्न मुलाच्या बाबतीत जितक्या वेळा विचारला असता तितक्याच वेळा विचारावा, अधिक नव्हे. आणि घरावर कर्ज काढण्याची वेळ आलीच, तर ज्यांच्या सह्या हव्यात त्या सर्वांस, घरातील स्त्रियांससुद्धा, सर्व आकडे समोर ठेवून विचारावे. भीडेने केलेली सही पुढे भांडणाचे बीज होते. विद्यापीठाने खर्च उचलावा अशी मागणी आपण करीत असताना, परतून येणाऱ्यांस जागा देण्याचे काम आपले आहे, हे विसरून चालणार नाही.